कादंबरीतल्या राज्यात चर्चचं कोर्ट कसं बसवायचं

फॅन्टसी लिहिणारी किंवा टेबलावर बसून रोलप्ले खेळणारी आपली पोरं राज्य लई भारी बनवतेत, नकाशा असतो, घराणी असतेत, तलवारीला सुद्धा नाव असतं, आणि चर्च आलं की एक उंच इमारत, एक कपटी बिशप आणि चेटकीण जाळायचा एक सीन, झालं संपलं. कोर्ट कुठंच नसतं. ज्याच्यात असतं त्याच्यात ती राजाच्या दरबाराची झेरॉक्स असते, फक्त न्यायाधीशाच्या गळ्यात क्रूस. खऱ्या मध्ययुगात चर्चच्या कोर्टाचं रोजचं काम काय होतं तर लग्न टिकतंय का मुळात झालंच नव्हतं, मेलेल्याचं मृत्युपत्र खरं का खोटं, अमक्यानं तमकीला भर बाजारात छिनाल म्हणलं, चर्चला द्यायचा दशमांश थकला, शपथ घेऊन उधारी बुडवली. आपल्या तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर तासभर उभं राहिलं तर जे कानावर पडतं जवळपास तेच.

हे सगळं बसवताना एकच गोष्ट धरून ठेवायची. चर्चकडं फौज नसते आणि राजाकडं लोकांच्या मनातली नरकाची भीती नसते, म्हणून दोघांना एकमेकांची गरज पडते आणि तरी दोघं एकमेकांना पाण्यात बघतेत. तुमची गोष्ट त्या दोघांच्या बांधावर घडते, म्हणून आधी बांध कुठून जातो ते ठरवा, गाभाऱ्याचं वर्णन नंतर करत बसा.

मी खाली बहुतेक इंग्लंडचं उदाहरण धरलंय कारण तिथल्या या भांडणाचा कागद लई टिकलाय. तुमच्या राज्यात देव दुसरा असंल, देवी असंल, सात देव असतेल, काही फरक पडत नाही.

बांध आखताना

इंग्लंडमधी आधी बिशप आणि राजाचा माणूस एकाच सभेत बसून न्याय करायचे, १०७० च्या दशकात विल्यम राजानं हुकूम काढला की आत्म्याच्या बाबतीतल्या केसेस तिथं चालवायच्या नाहीत, बिशपनं आपल्या जागी चालवाव्यात. तिथून दोन कोर्टं झाली. मग ११४० च्या आसपास इटलीत बोलोन्याला ग्रेशियन नावाच्या माणसानं चर्चचे शेकडो वर्षांचे उलटसुलट नियम एका जाडजूड ग्रंथात जुळवून लावले, आणि चर्चच्या कायद्याचं रीतसर शिक्षण घेतलेले वकील तयार व्हायला लागले. हे लक्षात ठेवा, चर्चचं कोर्ट म्हणजे अडाणी पाद्री ओरडायलाय असं नाही, कित्येकदा राजाच्या कोर्टापेक्षा तिथला माणूस जास्त शिकलेला असायचा.

केस चर्चकडं जायच्या वाटा दोन. एक माणसामुळं, म्हणजे आरोपी चर्चचा माणूस आहे. दुसरी विषयामुळं, म्हणजे माणूस कुणी का असंना भांडणाचा विषय चर्चचा आहे.

पहिल्या वाटेवर सगळ्यात जास्त रक्त सांडलं. दुसऱ्या हेन्री राजाला राग होता की पाद्रीनं खून केला तरी बिशप त्याचा झगा काढून घेतो आणि सोडून देतो, मग ११६४ मधी क्लॅरेंडनला त्यानं नियमच लिहून काढले, त्यात होतं की अशा माणसानं आधी राजाच्या कोर्टात हजर व्हायचं, मग चर्च त्याची केस चालवंल, आणि दोषी निघाला तर चर्चनं त्याला पाठीशी घालायचं नाही. आर्चबिशप, म्हणजे बिशपांच्या वरचा, थॉमस बेकेट म्हणला एका गुन्ह्याला दोन शिक्षा कशा काय. भांडण इतकं वाढलं की २९ डिसेंबर ११७० ला कँटरबरीच्या चर्चमधी राजाच्या चार सरदारांनी बेकेटला मारून टाकलं. गंमत बगा, मेलेला बेकेट जिवंत बेकेटपेक्षा भारी पडला, राजाला माघार घ्यावी लागली आणि पाद्र्यांची सवलत पुढं शेकडो वर्षं टिकली.

आता तुमच्यासाठी खरा प्रश्न हा की चर्चचा माणूस कोण हे कसं ओळखायचं. इंग्लंडमधी आधी डोक्यावरचा मुंडलेला गोल बघायचे, मग हळूहळू वाचता येतं का ते बघायला लागले, कारण वाचणारे म्हणजे चर्चवालेच असा हिशोब. वाचायला द्यायचे बायबलमधलं ५१ वं स्तोत्र, त्याची पहिली ओळ, देवा माझ्यावर दया कर अशा अर्थाची. आता एकच ओळ असल्यावर लोक काय करणार, पाठ करून ठेवायचे. फाशी चुकवणारी ओळ म्हणून ती प्रसिद्धच झाली. मग १४८९ मधी कायदा आला की खरा पाद्री नसणाऱ्याला ही सवलत एकदाच, आणि घेतली की अंगठ्यावर डाग द्यायचा, खुन्याला वेगळं अक्षर, चोराला वेगळं. नाटककार बेन जॉन्सननं १५९८ मधी द्वंद्वात एकाला मारलं आणि तो असाच वाचला, अंगठ्यावर डाग घेऊन. ही सवलत पूर्ण बंद झाली १८२७ ला, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर.

याच्यावरून एक केस तयार करा. समजा तुमच्या राज्यात देवळातला घंटा वाजवणारा आहे, आठवडी बाजारात त्यानं सावकाराच्या पोराला सुरा मारला. घंटेवाला चर्चचा माणूस का नाही? पगार चर्च देतं, पण दीक्षा झालेली नाही. डोकं मुंडलेलं आहे, पण ते सुरा मारायच्या आधी मुंडलं का नंतर? कोतवाल म्हणतो नंतर, आणि न्हावी तोंड उघडायला तयार नाही. एवढ्यावर तीन प्रकरणं निघतेत आणि जादू कुठंच लागत नाही.

विषयाची वाट, हिच्यात माल जास्त

लग्नावर जरा थांबतो, कारण बहुतेक लेखक इथंच घसरतेत. त्यांच्या राज्यात लग्न म्हणजे चर्च, पाद्री, अंगठी, पाहुणे. बाराव्या शतकात पोप तिसऱ्या अलेक्झांडरच्या काळात जो नियम पक्का झाला तो असा की लग्नाला दोघांची संमती बास. मी तुला आत्ता बायको करतो, मी तुला आत्ता नवरा करते, एवढं बोललं की लग्न झालं, पाद्री नको, साक्षीदार नको, बापाची परवानगी सुद्धा नको. भविष्यकाळात बोललं, करीन म्हणलं, तर ती नुसती सोयरीक, पण त्याच्यानंतर दोघं एकत्र झोपले तर ते पण लग्नच. १२१५ च्या मोठ्या धर्मपरिषदेनं सांगितलं की चर्चमधी आधी जाहीर घोषणा करा, पण न करता केलेलं लग्न तरीही टिकायचं, पाप लागायचं एवढंच. पाद्री आणि साक्षीदार नसतील तर लग्नच नाही हा कॅथलिक नियम आला १५६३ ला, ट्रेंटच्या परिषदेत.

म्हणजे विचार करा, गोठ्यामागं, उसाच्या फडात, दुष्काळात चारा छावणीवर रात्री दोघं काहीतरी बोलले, तिसरं कुणी नव्हतं, आणि दोन वर्षांनी तो पाटलाच्या पोरीशी थाटात लग्न लावायला निघाला. पहिली बाई बिशपच्या कोर्टात उभी राहिली की हा माझा नवरा आहे. कोर्ट विचारणार की तो नक्की काय बोलला, करतो का करीन. एका क्रियापदावर पाटलाची अब्रू लटकली. आणि साक्षीदारच नसल्यामुळं देवाला माहीत असलेलं लग्न आणि कोर्टाला सिद्ध झालेलं लग्न ही दोन वेगळी होऊन बसतेत. हा पेच खरोखर पडायचा, खरी बायको एक आणि कोर्टानं बायको ठरवली दुसरीच, आणि माणसानं आत्म्याचं ऐकायचं का कोर्टाचं.

घटस्फोट म्हणून तुम्हाला वाटतो तसा प्रकार नव्हता. एक तर विभक्त राहायची परवानगी, पण दुसरं लग्न नाही. नाहीतर मुळात लग्न झालंच नव्हतं असा निकाल. त्याच्यासाठी नात्यातली अडचण शोधायचे, १२१५ पर्यंत सातव्या पिढीपर्यंतचं नातं चालायचं नाही, त्या वर्षी ते चौथ्यावर आणलं. बाप्तिस्म्याच्या, म्हणजे लेकराला धर्मात घ्यायच्या विधीच्या वेळी ज्यानं लेकरू धरलं त्याच्याशी सुद्धा धर्माचं नातं लागायचं. मोठ्या घराण्यांना हे लई सोयीचं, बायकोचा कंटाळा आला की वंशावळ काढायची. (आपल्याकडं भाऊबंदकीत वंशावळ काढतेत ती वेगळ्या कारणानं, पण काढणारा माणूस तोच टाइप.)

आजचं एक सांगतो कारण त्याच्यावर आधुनिक गोष्ट पण होऊ शकते. कॅथलिक धर्मप्रांतांची अशी न्यायालयं आजही चालतेत, आपल्याकडं पण औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ पासून आहे. पण १९९६ मधी सुप्रीम कोर्टानं एका केरळच्या केसमधी सांगून टाकलंय की चर्चनं लग्न रद्द केलं म्हणून देशाच्या कायद्यानं ते रद्द होत नाही. चर्चच्या हिशोबानं मोकळा आणि सरकारच्या हिशोबानं विवाहित असा माणूस तुमच्या गोष्टीत फिरवा, बगा किती जणांची झोप उडते.

मृत्युपत्राचं थोडक्यात. इंग्लंडमधी १८५८ सुरू होईपर्यंत मृत्युपत्र चर्चच्या कोर्टात मान्य करून घ्यावं लागायचं. जंगम माल चर्चकडं, जमिनीचं भांडण राजाकडं. आणि मेलेल्याचा पाच पौंडांच्या वरचा माल एकापेक्षा जास्त बिशपच्या हद्दीत निघाला तर केस थेट आर्चबिशपच्या कोर्टात. व्यापारी मेला त्या रात्री त्याचा बैल नदीपलीकडं दुसऱ्या बिशपच्या हद्दीत नेऊन बांधला की कोर्ट बदललं, एवढं पुरे.

दशमांश मात्र आपल्या मराठवाड्यातल्या लेखकानं सोडू नये. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला, धान्य, लोकर, अंडी, मध, सगळ्यातला. आता तुमचं राज्य हिरवंगार कामून पाहिजे? कोरडं पठार करा, तीन वर्षांतून एकदा पाऊस दगा देणारं. राजानं सारा माफ केला. चर्च म्हणतं दहावा हिस्सा देवाचा, राजा कोण माफ करणार. आणि पीक किती आलं हे ठरवायचं कुणी? आपल्याला पैसेवारीचं भांडण नवं नाही, ५० पैशांच्या आत दाखवली तर दुष्काळ आणि वर दाखवली तर काही नाही, असं वर्षानुवर्षं चालायचं. तुमच्या राज्यात राजाचा तलाठी एक आकडा लिहितो, देवळाचा कारकून दुसरा, आणि शेतकरी दोन्हीकडं अंगठा देऊन बसलेला.

उधारीची वाट सगळ्यात चलाख. कर्ज हा राजाच्या कोर्टाचा विषय. पण कर्ज घेताना देवाची शपथ घेतली आणि परत दिलं नाही तर शपथ मोडली, शपथ मोडणं पाप, पाप चर्चचं. पंधराव्या शतकात इंग्लंडमधी छोट्या उधाऱ्यांच्या लई केसेस अशा चर्चकडं जायच्या. राजाचं कोर्ट चिडून मनाईहुकूम काढायचं की ही केस तुमची नाही, थांबवा. आपण म्हणतो ना स्टे आणला, तसंच. तुमच्या राज्यात हा मनाईहुकूम कोण काढतं, किती दिवसांत पोहोचतो, आणि बिशपनं तो फाडून टाकला तर काय, हे लिहून ठेवा.

माणसं कोण कोण

खाली आर्चडीकन, तो गावोगाव फिरतो आणि किरकोळ पापं पकडतो, लोक त्यालाच जास्त घाबरतेत. वर बिशपचं कोर्ट, त्यात बिशप स्वतः क्वचित बसतो, त्याचा नेमलेला न्यायाधीश बसतो. त्याच्यावर आर्चबिशप, आणि सगळ्यात वर रोम. रोमला अपील म्हणलं की लेखक हिरोला आल्प्स ओलांडायला लावतेत, पण बऱ्याचदा पोप तिकडून पत्र पाठवून इकडच्याच दोन-तीन वरिष्ठ पाद्र्यांना सांगायचे की माझ्या वतीनं तुम्हीच ऐका. म्हणजे अपील करून आलेला माणूस बघतो तर समोर शेजारच्या मठाचा महंत बसलेला, ज्याच्याशी त्याचं पाण्यावरून भांडण. हे सीन लिहायला आल्प्सपेक्षा बरं.

आणि समन्स घेऊन फिरणारा माणूस विसरू नका. तोच गावात बातम्या काढणार, कुणाच्या घरी कोण रात्री येतं, आणि समन्स काढू का नको याचे पैसे घेणार. पगार कमी, ओळखी जास्त. माझ्या मते अख्ख्या कोर्टात सगळ्यात जिवंत पात्र हेच, बिशपला दोन पानं द्या, याला वीस द्या.

पुरावा

इथं तुमचं राज्य १२१५ च्या आधीचं का नंतरचं ते ठरवा, म्हणजे वर्ष तेच नको, अवस्था. आधी तापलेलं लोखंड धरायचं, पाण्यात बुडवायचं, असं दिव्य असायचं आणि पाद्री ते लोखंड आणि पाणी मंत्रून द्यायचा. १२१५ च्या परिषदेनं पाद्र्यांना याच्यात हात घालायला मनाई केली, आणि पाद्रीशिवाय दिव्याला अर्थ राहिला नाही, मग इंग्लंडच्या राजाच्या कोर्टाला ज्युरीकडं वळावं लागलं. आपल्याकडं मराठेशाहीत उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचं रवादिव्य चालायचं, हाताला गोण्या बांधून दोन-तीन दिवसांनी सोडून बघायचे, त्याचे कागद आहेत. त्यामुळं हा सीन लिहायला आपल्याला युरोपात जायची गरजच नाही.

चर्चच्या कोर्टात आरोपीला बऱ्याचदा शपथेवर सुटता यायचं, पण एकट्याच्या नाही, सहा नाहीतर बारा शेजारी सोबत आणायचे जे म्हणतील की याच्या शपथेवर आमचा भरवसा आहे. गुन्हा बघितला का नाही याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. म्हणजे चांगला माणूस पण गावात एकटा पडलेला असंल तर गेला, आणि पक्का बदमाश पण भावकी मोठी असंल तर सुटला. मोठ्या दाव्यात मात्र दोन साक्षीदार लागायचे, आणि त्यांना वेगवेगळं, बंद खोलीत विचारून लिहून घ्यायचे. तेव्हा भर कोर्टात वकील टेबलावर हात आपटून साक्षीदाराला रडवायलाय असले सीन काढून टाका. तुमचा ड्रामा खोलीबाहेरच्या बाकावर आहे, आत गेलेला काय बोलला हे बाहेरच्याला माहीत नाही.

शिक्षा आणि ती भोगायला लावणार कोण

चर्च रक्त सांडत नाही, हा नियम. फाशी नाही, हात तोडणं नाही. मग काय तर प्रायश्चित्त, अनवाणी, अंगावर पांढरी चादर, हातात मेणबत्ती, रविवारी सगळ्या गावासमोर उभं राहून पाप कबूल करायचं. पैसेवाले दंड भरून यातून सुटायचा प्रयत्न करायचे. बिशपचा स्वतःचा तुरुंग असायचा. आणि सगळ्यात वरची शिक्षा म्हणजे धर्मातून बाहेर, आपल्या भाषेत वाळीत. आपल्याला हे समजवावं लागत नाही, सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा महाराष्ट्राला करावा लागला तो काय उगं नाही.

पण वाळीत टाकलेला माणूस म्हणला की जा, मला फरक पडत नाही, तर? चाळीस दिवस वाट बघायची, मग बिशपनं राजाच्या दफ्तराला लिहायचं, तिथून शेरीफला, म्हणजे त्या भागातल्या राजाच्या अधिकाऱ्याला हुकूम, आणि शेरीफ त्याला धरून आत टाकणार, माफी मागंपर्यंत. म्हणजे चर्चच्या शिक्षेचा दात राजाच्या तोंडात. राजाचं आणि बिशपचं बिनसलं की हुकूम निघायला उशीर, शेरीफ आजारी, घोडा लंगडा. या चाळीस दिवसांत अख्खी कादंबरी बसते, माणूस दानधर्म करून बघतो, पळतो, दुसऱ्या बिशपकडं जातो, अपील टाकतो.

युरोप नकोच असंल तर

मग घरातलंच बघा. परंपरा सांगते की संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानेश्वर आणि भावंडांना आळंदीच्या ब्रह्मवृंदानं पैठणहून शुद्धिपत्र आणायला सांगितलं. रेड्याच्या चमत्काराकडं सगळ्यांचं लक्ष जातं, लेखकानं त्या पत्राकडं बघावं. एका गावची सभा निकाल देत नाही, दुसऱ्या गावच्या सभेकडं पाठवते, तिच्याकडं शिपाई नाही, तुरुंग नाही, आणि तरी तो कागद नसंल तर मुंज होत नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानात न्यायाधीश वेगळे आणि पंडितराव वेगळे, दानधर्म-प्रायश्चित्ताचा कारभार पंडितरावांकडं, पण दोघं एकाच छत्रपतींचे नोकर. म्हणजे धर्माचं खातं राजाच्या सरकारात असलेलं मॉडेल. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात आपला मराठवाडा १९४८ पर्यंत होता, उमूर-ए-मजहबी नावाचं धार्मिक बाबींचं सरकारी खातंच होतं. या शेवटच्या दोन्हीतलं कुठलंही उचललं तर एक गोष्ट बदलते, धर्माला राजाच्या बाहेर दुसरा मालक राहत नाही. रोमसारखं लांबचं टोक नसलं की भांडण दरबाराच्या आत होतं, कुजबुजीत, कमी तलवारी आणि जास्त विष.

कागद आणि फी

इंग्लंडमधी साक्षीदार त्याच्या बोलीत बोलायचा आणि कारकून लॅटिनमधी लिहायचा. जुन्या जमिनीच्या केसमधी निजामकाळातला उर्दू कागद हातात घेऊन तो वाचून दाखवणारा माणूस शोधत जे फिरलेत त्यांना लगेच कळंल की ताकद कुणाकडं असते. तुमच्या कारकुनानं लग्नाच्या केसमधी करीनचं करतो केलं तर कुणाला समजणार? बाई ऐकते तेव्हा बरोबरच ऐकते, कागदावर भलतंच असतं.

फी पण ठरवा. समन्सची वेगळी, कॉपीची वेगळी, शिक्क्याची वेगळी, वकिलाची वेगळी, वाळीतून परत आत घ्यायची वेगळी. रक्कम काही ठेवा पण मजुरीच्या दिवसांत मोजा, इतक्या दिवसांची मजुरी म्हणलं की वाचणाऱ्याला लगेच कळतं. मग तुमच्या घंटेवाल्याची केस काढा आणि एवढ्या सगळ्या फीया तो कुठून भरायलाय ते बगा. तो भरत नसंल, दुसरंच कुणीतरी भरत असंल, तर त्या माणसाला पुढच्या प्रकरणात आणा.